रावसाहेबांची रजा

आपल्या समाजात माया करण्याची जी वहिवाट पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, तिच्यात मायाळू माणसाला दोन हक्क निर्वेधपणे मिळालेले आहेत : ज्याच्यावर माया करावयाची त्याला वेळी-अवेळी खाऊ घालणे हा पहिला, आणि तो खात नसेल तर का खात नाही याची, तो कंटाळून खाऊ लागेपर्यंत, चौकशी करीत राहणे हा दुसरा. तापकऱ्याला पेज, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, परीक्षेस बसलेल्या मुलाला भिजवलेले बदाम आणि ज्या घरातले माणूस गेले त्या घराला शेजाऱ्यांकडून पिठले-भात, असा प्रत्येक प्रसंगाचा शिधा ठरलेला असून त्यात कोणी कुचराई केल्यास तिची नोंद नातेवाईक मंडळींच्या दफ्तरी कायमची होते. फार काय, दहाव्या दिवशी, ज्याला आता पोट असे उरलेलेच नाही त्याच्यापुढेही पिंड ठेवून, कावळा शिवेना म्हणजे काय राहून गेले, कशात जीव अडकला, याची आपण घाटावर उभे राहून तपशीलवार चौकशी करतोच. अशा वहिवाटीत सारी हयात घालविलेल्या आम्हा पतिपत्नींच्या हवाली असा एक जीव करण्यात आला, की ज्याची सर्वांत थोर सेवा म्हणजे त्याला खायला न देणे, त्याला हात न लावणे आणि त्याची विचारपूस न करणे. आणि या तजविजीत आमच्या सूनबाईंचा काही अंतःस्थ हेतू होता की काय, ही शंका माझ्या मनातून अद्याप पुरती गेलेली नाही.

हा जीव म्हणजे आमच्या नातीचा कोळी. चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडात रेडिंग येथे स्थायिक झालेले असून त्यांच्याकडे आमचा मुक्काम असतो तेव्हा आम्हांला जी खोली मिळते, तिच्या खिडकीलगतच्या फडताळावर एक काचेची पेटी आहे. तीत मेक्सिकन जातीचा, तांबड्या गुडघ्यांचा, अंगभर केस असलेला आणि पाय पसरले असता चार इंचांहून अधिक जागा व्यापणारा एक टॅरंटुला राहतो. जन्माने तो युरोपचाच, म्हणजे पिंजऱ्यात पैदास झालेला; परंतु त्याचे मूळ वतन मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील डोंगरउतारांवर. पूर्वी या कोळ्यांना ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ म्हणत. २०१७ साली मेक्सिकोतील दोन संशोधकांनी सर्व पुराव्याची फेरतपासणी केली आणि पाळीव म्हणून जगभर पसरलेले बहुतेक स्मिथी हे वस्तुतः स्मिथी नसून ‘हॅमोरी’ आहेत, असा निवाडा दिला. म्हणजे देशोदेशीच्या काचपेट्यांत स्वस्थ बसलेल्या या मंडळींच्या सातबारावर, त्यांना नोटीस न देता व त्यांची हरकत न मागविता, एका दिवसात फेरफार झाला. मी रत्नागिरीच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मनुष्य. इतक्या सुरळीतपणे मंजूर झालेला फेरफार माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पेटीत पाऊल टाकण्यापूर्वी, म्हणजे डोळ्यांनीच, परवान्याचे काय हा प्रश्न मी साहजिकच विचारला. तेव्हा असे कळले, की इंग्लंडात धोकादायक वन्य प्राणी पाळण्यासंबंधी १९७६ चा कायदा आहे खरा, आणि त्याच्या यादीत काही विषारी कोळीही आहेत. परंतु टॅरंटुला त्यांत नाही. कुत्र्याला पूर्वी परवाना लागत असे, तोही १९८७ साली रद्द झाला. दफ्तर नाही, दाखला नाही, वार्षिक तपासणी नाही. असा हा प्राणी आमच्या उशापासून दोन हातांवर कायदेशीररीत्या झोपत असे. त्याचे नाव नातीने ‘रावसाहेब’ असे ठेवले होते, कारण बिळाच्या तोंडाशी तो एकदा बसला, की घरात कोणीही आले-गेले तरी उठत नसे. ज्यांच्या हाताखाली मी नोकरी केली त्यांच्यापैकी दोघा-तिघांची मूर्ती डोळ्यांपुढे आणून पाहिली आणि नाव यथायोग्य असल्याबद्दल मी आपली संमती दिली.

पेटीतील जमीन नारळाच्या काथ्याच्या भुशाची होती. हा भुसा विटेसारखा दाबून विकतात आणि पाण्यात टाकला की तो टोपलीभर फुगतो. आमच्या परसात ज्याचे ढीग फुकट कुजत त्या वस्तूला पौंड मोजताना पाहून कोकणी माणसाच्या पोटात जे कालवते ते माझ्याही कालवले; परंतु त्याहून मोठा धक्का शिध्याच्या प्रकरणात होता. रावसाहेबांचे अन्न म्हणजे झुरळे. ही झुरळे पैसे देऊन आणलेली असत. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या कपारींत त्यांची निराळी वस्ती होती आणि त्यांना गाजराच्या चकत्या व ओटचा भरडा असा खुराक चालू होता, कारण जे झुरळ चांगले पोसलेले असेल तेच खाणाऱ्याच्या अंगी लागते, असा या शास्त्राचा सिद्धान्त आहे. स्वयंपाकघराच्या मोरीपाशी हातात खराटा घेऊन जिने झुरळांशी जन्मभर युद्ध केले, त्या माझ्या पत्नीला नातीने पहिल्याच आठवड्यात सांगितले, ‘‘आजी, त्यांना गाजर घालायचं राहिलंय गं, घालशील?’’ आजीने घातले. नातवंडांसाठी माणूस काय काय करतो याच्या कथा मी पुराणांत ऐकल्या आहेत, परंतु झुरळासाठी गाजर किसणारी आजी त्यांत कोठेही नाही.

आम्ही तेथे रुळलो न रुळलो तोच रावसाहेबांनी अन्न वर्ज्य केले. चिमट्याने पुढे धरलेले झुरळ त्यांनी प्रथम दुर्लक्षिले. दुसऱ्या खेपेस पुढचा पाय उचलून दूर सारले. आणि तिसऱ्या खेपेस पाठ फिरवून ते बिळात निघून गेले. त्यांचा रंग उतरला, केस राठ दिसू लागले, आणि पोटाच्या पाठीमागील बाजूस जो एक टक्कल पडलेला तुकडा होता तो दिवसेंदिवस काळवंडत चालला. या टकलाचा इतिहास असा, की अमेरिका खंडातले बरेचसे टॅरंटुला संकट दिसले म्हणजे मागच्या पायांनी आपल्याच पोटावरचे बारीक काटेरी केस झटकून शत्रूच्या अंगावर उडवितात. त्यांनी खाज सुटते आणि डोळ्यांत गेल्यास मोठा उपद्रव होतो. रावसाहेबांनी पेटी पुसणाऱ्या सूनबाईंच्या हातावर हे अस्त्र पुष्कळदा खर्चिले असल्याने तेथे टक्कल पडले होते. आता त्या टकलाच्या कातडीखाली नवे काळे केस तयार होत होते आणि ते पातळ कातडीतून दिसत होते. नातीने भिंग लावून पाहिले व कचेरीत निकाल वाचावा तशा आवाजात सांगितले, ‘‘रावसाहेब कात टाकणार. आता कोणी काही करायचं नाही.’’

‘आता कोणी काही करायचं नाही’ हे वाक्य माझ्या पत्नीने प्रथम ऐकलेच नाही, आणि ऐकल्यावर मानले नाही. ‘‘अहो, पोटात अन्नाचा कण नाही त्याच्या,’’ हे मला सकाळच्या चहाला ऐकावे लागे, आणि रात्री दिवा मालविल्यावर, अंधारात पुन्हा एकदा, ‘‘झोपलात का? आजही नाही खाल्लं.’’ रत्नागिरीस फोन गेला. तिकडून वहिनींनी दृष्ट काढावयास सांगितली. शिवाय पोट धरले असेल तर ओव्याचे पाणी, असेही सुचविले. शेवटी मीच तिला समजावले, की हा उपास आहे, आजार नव्हे. उपास म्हटल्याबरोबर तिचा चेहरा पालटला. जन्मभर सोमवार, चतुर्थ्या आणि एकादश्या केलेल्या बाईला आजारापेक्षा व्रत लवकर उमगते. त्या दिवसापासून पेटीकडे पाहण्याची तिची दृष्टीच बदलली, आणि पेटीजवळून जाताना ती साडीचा पदर सावरून घेऊ लागली. अडचण एवढीच, की आपला चातुर्मास कार्तिकी एकादशीला सुटतो हे पंचांगात छापलेले असते, परंतु टॅरंटुलाचे व्रत कधी आठवड्यांनी सुटते, कधी महिन्यांनी, आणि उद्यापनाची तिथी खुद्द व्रतस्थाखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

दरम्यान नातीने पेटीच्या काचेवर एक परिपत्रक डकविले. पेटी हलवू नये. झाकण उघडू नये. पाण्याची वाटी तेवढी भरलेली ठेवावी. आत एकही जिवंत झुरळ अथवा रातकिडा राहू देऊ नये. या शेवटच्या कलमाचे कारण मी मुद्दाम विचारून घेतले, आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कात टाकताना व टाकल्यानंतर कोळ्याचे अंग इतके मऊ असते, आणि तो इतका असहाय असतो, की ज्या किड्याला त्याने खावयाचे तोच किडा येऊन त्याला कुरतडू लागतो. साहेब रजेवर गेले म्हणजे हाताखालची माणसे त्यांच्या खुर्चीला कुरतडतात, एवढेच मी पाहिले होते; प्रत्यक्ष साहेबालाच कुरतडण्यापर्यंत मजल आमच्या खात्यात गेलेली नव्हती.

घरातली माणसे सकाळी कामावर व शाळेत गेली, की दिवसभराचा बंदोबस्त आम्हा दोघांकडे राही. बंदोबस्त करावयाचा म्हणजे करावयाचे काय, तर काहीही नाही. आणि काहीही न करणे हे काम तासन्‌तास नीट करणे किती अवघड आहे, हे ज्याने नोकरीत केवळ त्याचे सोंग केले त्याला कळणार नाही. खोलीत थंडी वाटते म्हणून पत्नीच्या मनात पेटीजवळ दिवा लावावयाचे आले. मी मज्जाव केला, कारण माणसाला सोसवेल इतकी ऊब या कोळ्यालाही पुरते, आणि जवळ ठेवलेल्या दिव्याने त्याच्या अंगातले पाणी मात्र आटते. पाणी आटले, की कात सुटत नाही व तो जुन्या कातडीत अडकून मरतो. मग तिला वाटले, पाणी शिंपडावे. त्यालाही मज्जाव. वाटी भरलेली आहे ना, मग पुरे. याप्रमाणे प्रस्ताव येत राहिले आणि मी ते एकामागून एक ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून निकाली काढीत राहिलो. निवृत्तीनंतर इतके समाधान मला कोणत्याही कामात लाभले नव्हते.

या रिकामपणात गोष्टी निघत. ‘‘आपल्याकडे नाहीत का हो असले?’’ असे तिने एकदा विचारले, तेव्हा मी तिला सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलींत राहणाऱ्या मोठ्या कोळ्यांविषयी सांगितले आणि ओघाने गुत्तीची हकिगत सांगितली. मुरारराव घोरपड्यांमुळे आपल्या इतिहासात अजरामर झालेली गुत्ती, ती आज आंध्रात आहे. तेथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत निळ्याभोर रंगाचा एक टॅरंटुला सापडला आणि लंडनच्या संग्रहालयातील पोकॉक या पंडिताने १८९९ साली त्याचे वर्णन करून त्याला ‘मेटॅलिका’ असे नाव दिले. पुढे शंभर वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. गुत्तीत तर नाहीच. २००१ साली तो सापडला तो गुत्तीपासून दूर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात. बहुधा लाकडांबरोबर आगगाडीतून तो गुत्तीस आला असावा, आणि पकडला गेला त्या गावचा रहिवासी म्हणून कागदावर चढला असावा. तो आज जंगलात अत्यंत दुर्मीळ असून विलायतेत मात्र हौशी लोकांच्या घरोघर त्याची पैदास होते. ‘‘म्हणजे आपल्या पोरांसारखंच की,’’ एवढाच शेरा तिने मारला व ती कणीक मळावयास उठून गेली.

ज्या दिवशी प्रत्यक्ष प्रकार घडला, त्या दिवशी दुपारचा चहा झाला होता. आदल्या रात्री रावसाहेबांनी बिळाबाहेर मोकळ्या जागेत रेशमाची पांढरी शुभ्र बैठक विणून ठेवली होती; आणि आता त्या बैठकीवर ते चक्क उताणे पडले होते, आठही पाय वर. पत्नीने काचेतून पाहिले, हातातली कपबशी खाली ठेवली आणि ‘‘अहो, गेले हो रावसाहेब!’’ असे म्हणून डोळ्यांना पदर लावला. रावसाहेबांवर तिचा इतका जीव जडला होता, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. मला वाटते, तिलाही नव्हते. परंतु या बाबतीत नातीने मला अगोदरच पढवून ठेविले होते. टॅरंटुला मरतो तो उताणा पडून नव्हे, तर नेहमीसारखा पायांवर बसलेलाच, आणि पाय मात्र सारे पोटाखाली आखडलेले. पाय आखडून घेण्यास त्याला स्नायू आहेत. परंतु ते लांब करणाऱ्या मुख्य सांध्यांना स्नायूच नाहीत, ते काम अंगातील रक्ताच्या दाबाने होते. प्राण गेला, की दाब ओसरतो आणि पाय आपोआप मिटतात. उताणा पडलेला कोळी हा मेलेला नसून कामाला लागलेला असतो, हे मी तिला सांगितले. ‘‘असं उताणं पडून कसलं काम?’’ असे तिने विचारले खरे, पण माझ्या दुपारच्या झोपेकडे तिने ज्या नजरेने पाहिले, तीवरून हा प्रश्न सर्वस्वी रावसाहेबांना उद्देशून नसावा.

आम्ही खुर्च्या ओढून बसलो. पुष्कळ वेळ काहीच घडले नाही. मग नीट लक्ष दिले तेव्हा दिसले, की सारे अंग एका अगदी मंद लयीत फुगत आणि ओसरत आहे. पोटातले रक्त पुढे लोटले जात होते. त्या वाढत्या दाबाने पाठीवरचे टणक कवच कडेकडेने उकलले आणि डबीच्या झाकणासारखे अलग झाले. मग पोटाच्या दोन्ही बाजूंची जुनी कातडी फाटली. यानंतरचा भाग सर्वांत दीर्घ आणि, खरे सांगायचे तर, पाहणाऱ्याच्या संयमाचा अंत पाहणारा होता : आठ पाय, पुढचे दोन पायासारखेच स्पर्शक, आणि दोन्ही नांग्या, असे सगळे त्या जुन्या खोळीतून एकाच वेळी, रेसभर रेसभर, मागे खेचून घ्यावयाचे. एक ओढ, मग विश्रांती. पुन्हा एक ओढ. जुन्या गुडघ्यातून नवा गुडघा बाहेर येई तो ओलसर, फिका, आणि तरीही त्यावरचा नारिंगी पट्टा इतका झळझळीत, की शेजारी पडलेला जुना पट्टा पाहून एवढे दिवस आम्ही धुळीलाच रंग समजत होतो हे ध्यानी यावे. मध्येच एक पाय अडकल्यासारखा झाला. पत्नीचा हात झाकणाकडे गेला. मी काचेवरचे परिपत्रक बोटाने दाखविले. तिने हात मागे घेतला आणि मग सबंध वेळ दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. आमच्या संसारात असे मी कधी पाहिलेले नाही. मुलांची लग्ने झाली, तेव्हाही नाही. पाय पुढे आपला आपणच सुटला. पायच अडकून तुटला असता तरी पुढच्या कातींत तो हळूहळू पुन्हा उगवतो, ही माहिती मी तिला नंतर दिली. आधी दिली असती, तर तिने ती बिलकूल मान्य केली नसती.

दिवेलागणीला सारा प्रकार आटोपला. एका बाजूस कात आणि दुसऱ्या बाजूस, अद्याप उताणेच, गलितगात्र रावसाहेब. कोळी केवळ वरची कातडी टाकतो असा माझा समज होता. परंतु तो घशाचे अस्तर टाकतो, चोषक जठराचे अस्तर टाकतो, पोटाखालच्या चारही पुस्तकांसारख्या फुप्फुसांचे अस्तर टाकतो, नांग्यांवरचे काळे दात टाकतो. आमच्याकडे नवीन साहेब आले, की पडदे बदलत आणि घंटा बदले. आतले अस्तर बदललेला साहेब मात्र माझ्या नोकरीत आला नाही.

नव्या दातांचा रंग पांढरा होता. हस्तिदंती नव्हे, दुधाळ, जवळजवळ पारदर्शक. त्या रात्री रावसाहेब सुलटे झाले व दुसऱ्या दिवशी हातपाय ताणून बसले. अंग टणक होण्यापूर्वी सांधे मोकळे करून घेण्याचा हा त्यांचा व्यायाम. आता मात्र व्रत सुटले, तेव्हा पारणे झालेच पाहिजे, असा पत्नीचा आग्रह सुरू झाला. पुठ्ठ्याच्या कपारींतली झुरळे एवढ्या काळात गाजरावर पोसून धष्टपुष्ट झाली होती. त्यांतले एक, जरा कोवळेसे, तिने मनाशी निवडूनही ठेविले होते. नात म्हणाली, दात काळे होईपर्यंत नाही. मऊ दात शिकारीत वाकला, तर पुढची कात येईतो कोळ्याला खाता येत नाही. लहान कोळ्यांना आठवडाभर, मोठ्यांना दोन आठवडे किंवा अधिकही थांबावे लागते. दात पांढऱ्याचे तांबूस, तांबसाचे काळे झाले, की मगच. यावर मी काही युक्तिवाद करणार तोच पत्नीच मला म्हणाली, ‘‘तुम्ही गप्प बसा. दात आल्याशिवाय लेकराला चकली देतं का कोणी?’’ येथून पुढे परिपत्रकाची अंमलबजावणी तिने आपल्या हाती घेतली, आणि ती इतकी कडक, की पेटीजवळ मी चष्मा घेऊन गेलो तरी ‘‘बघा, पण श्वास टाकू नका काचेवर,’’ अशी ताकीद मिळे.

खरा स्फोट झाला तो कातीच्या पंचनाम्यात. नातीने ती कात कोमट पाण्यात, भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून, भिजत घातली. मऊ झाल्यावर पोटाचा चुरगळलेला भाग रंगाच्या कुंचल्याने हळूच उलगडला. आतल्या बाजूस फुप्फुसांचे चार पांढरट ठिपके दिसू लागले. त्यांपैकी पुढच्या दोहोंच्या मधोमध एक लहानसा पडदा उभा होता. भिंग माझ्या हातात देऊन ती म्हणाली, ‘‘आजोबा, हे बघा. हे फक्त माद्यांना असतं.’’ नर जातीचा म्हणून ज्याचे बारसे केले, ज्याला सारे घर अहोजाहो करीत होते, तो रावसाहेब स्त्री निघाला. आणि याचा लेखी पुरावा खुद्द रावसाहेबांनीच अंगावरून उतरवून आमच्या हवाली केला होता. पत्नी क्षणभर स्तब्ध राहिली आणि मग म्हणाली, ‘‘तरीच. एवढं सगळं सोसलं आणि तोंडातून चकार शब्द नाही.’’ त्याच दिवशी नाव बदलून ‘बाईसाहेब’ झाले.

सूनबाई मात्र विचारात पडल्या, आणि त्यांचा विचार व्यवहारी होता. टॅरंटुलाच्या नराला वयात आणणारी कात हीच सहसा शेवटची. नंतर तो मादीच्या शोधात भटकतो आणि फार काळ जगत नाही. मादी मात्र वयात आल्यावरही वर्षा-दोन वर्षांनी कात टाकीत राहते आणि या जातीच्या माद्या पंचवीस-तीस वर्षे जगू शकतात. याच कुळाच्या लांबच्या नात्यातली, पश्चिम ऑस्ट्रेलियातली एक बिळात राहणारी कोळीण तर, बार्बरा यॉर्क मेन या विदुषींनी १९७४ पासून जिची नोंद ठेवली व जिला नावाऐवजी ‘सोळा नंबर’ एवढेच म्हटले, ती ४३ वर्षे जगली आणि २०१६ साली गांधीलमाशीमुळे गेली, म्हातारपणाने नव्हे. हे ऐकून जेवणाच्या टेबलावर वारसाचा प्रश्न उभा राहिला. नात चार-दोन वर्षांत विद्यापीठात जाईल. तिच्या वसतिगृहात बाईसाहेबांना प्रवेश मिळेलच असे नाही. चिरंजीवांना झुरळाची शिसारी. ‘‘म्हणजे माझं लग्न, माझी नोकरी आणि माझं घराचं कर्ज, या सगळ्याला ही हजर असणार,’’ असे सूनबाई पेटीकडे पाहत म्हणाल्या. कर्जाची मुदत खरोखरच बाईसाहेबांहून आधी संपते की नंतर, हे चिरंजीवांनी त्याच रात्री कागदावर मांडून पाहिले, पण निष्कर्ष कोणाला सांगितला नाही.

दात काळे झाले. पहिले झुरळ पत्नीनेच चिमट्यात धरले. बाईसाहेबांनी ते असे काही झडप घालून घेतले, की चिमटाही क्षणभर तिकडेच गेला. ‘‘भूक लागली होती हो पोरीला,’’ असे म्हणून तिने लागलीच दुसरे पुढे केले; नातीने डोळे वटारले तेव्हा ते परत गाजरावर गेले.

राहता राहिली कात. ती वाळवून, पाय नीट पसरून, एका डबीत बसविली, तेव्हा ती इतकी हुबेहूब दिसू लागली, की गणपतीच्या आरतीला आलेल्या एका पाहुण्यांनी पेटीतला कोळी व डबीतला कोळी असे दोन मोजले व प्रसाद दारातच घेतला. परतीच्या वेळी ही डबी रत्नागिरीस नेऊन जुन्या सहकाऱ्यांना दाखवावी असे मी योजिले होते. परंतु वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा जो ‘सायटीस’ करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात हे तांबड्या गुडघ्याचे कोळी १९८५ पासून दाखल आहेत, आणि परिशिष्टाच्या कक्षेत जिवंत प्राण्याबरोबर त्याचे अवयव व अवशेषही येतात. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने ही परिशिष्टे वन्यजीव कायद्यातही आली आहेत. म्हणजे जिवंत बाईसाहेब रेडिंगमध्ये बिनपरवाना बसू शकतात, पण त्यांच्या अंगावरून उतरलेले जुने वस्त्र विमानात बसावयाचे, तर दोन सरकारांच्या दारी चौकशी करावी लागणार. पत्नी म्हणाली, ‘‘टाकून द्या ते, तिनंसुद्धा टाकलंच ना?’’ परंतु अर्ज करण्याची संधी समोरून चालत आली असता ती सोडणे हे माझ्या रक्तात नाही. मसुदा मी तयार करून ठेवला आहे. ‘मूल्य’ या सदराखाली सूनबाईंनी शून्य सांगितले, नातीने अमूल्य सांगितले, म्हणून ते तूर्त कोरे आहे. ‘वस्तूचे वर्णन’ मात्र मी एकटाकी लिहिले : ‘रावसाहेब, एक नग; बाहेरून सर्वांगपरिपूर्ण, आतून पोकळ.’ हा शेरा सबंध नोकरीत अनेकदा माझ्या लेखणीच्या टोकापर्यंत आला होता. तो शाईत उतरविण्याचा प्रसंग मात्र आता आला.